निद्रेनंतरची ओळख : मेमरी कार्डाच्या ड्रायव्हरचे कार्य व त्यातील दोष

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने मेमरी कार्डाच्या ड्रायव्हरविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु क्षेत्रीय अभ्यास करणाऱ्या कोणत्याही संशोधकाची मूळ सामग्री सांप्रत नखाएवढ्या एका कार्डावर उतरते, आणि त्या कार्डाचे व संगणकाचे नाते ज्या लहानशा आज्ञावलीवर अवलंबून असते तिच्याविषयी आपण बहुधा काहीच जाणत नाही. हे अज्ञान किती महाग पडते याचा अनुभव प्रस्तुत लेखकास आला आहे. तो प्रथम सांगून मग विषयाकडे वळणे सोयीचे होईल.

बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली भाषेची सामग्री गोळा करीत असता माझ्याजवळ एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वेळी खरेदी केलेली दोन कार्डे होती. पहिले कार्ड लॅपटॉपमध्ये घालून त्यावरील ध्वनिमुद्रणे उतरवून घेत होतो व त्याच कार्डावर टिपणांची एक फाइल लिहीत होतो. तेवढ्यात एक वृद्ध आजी कथा सांगावयास तयार झाल्याचा निरोप आला. लॅपटॉपचे झाकण मिटले, दुसरे कार्ड ध्वनिमुद्रकात घातले आणि चाळीस मिनिटांची कथा मुद्रित केली. परत आल्यावर झाकण मिटलेले असतानाच पहिले कार्ड काढून त्या जागी दुसरे घातले. झाकण उघडले तेव्हा पडद्यावर जुन्याच फाइलींची यादी होती. तिकडे लक्ष न देता मी अर्धवट टिपण पुरे करून जतन केले. त्या क्षणी पहिल्या कार्डाची सूची दुसऱ्या कार्डावर लिहिली गेली. चूक ध्यानात न आल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर नवे मुद्रण केले, आणि ध्वनिमुद्रकाने रिकामी जागा समजून ते आजींच्या कथेवरच लिहिले.

चूक माझी होती हे उघड आहे. तथापि संगणकाने ती मुकाट्याने का होऊ दिली, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे क्रमाने मांडण्याचा हेतू आहे.

१. निद्रा म्हणजे काय

संगणकाच्या विद्युत्-व्यवस्थेचे एसीपीआय नावाचे प्रमाण इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्यांनी १९९६ साली प्रथम प्रसिद्ध केले. त्यात निद्रेच्या अनेक पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. पैकी आपल्या विषयाशी संबंध असलेली पायरी एस-३ ही होय. हिच्यात मुख्य स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, वीजपुरवठा चालू राहतो. प्रक्रियक आणि बहुतेक उपकरणे बंद होतात. जागृतीनंतर रॅममधील सर्व काही जसेच्या तसे असते. म्हणूनच झाकण उघडताच अर्धवट लिहिलेले वाक्य पडद्यावर दिसते आणि काळ मध्ये गेलाच नाही असा भास होतो.

ह्या भासातच सर्व अनर्थाचे मूळ आहे. कार्डाच्या व्यवहारात तीन पक्ष असतात : स्वतः कार्ड, त्याच्याशी विद्युत्-संकेतांनी बोलणारा नियंत्रक, आणि त्या नियंत्रकास चालविणारा ड्रायव्हर. वीज गेली की कार्ड आपली तात्कालिक अवस्था विसरते. नियंत्रकातील नोंदीही पुष्कळदा पुसल्या जातात. ड्रायव्हर मात्र रॅममध्ये राहत असल्यामुळे त्यास सर्व काही आठवते. जे आता खरे राहिलेले नाही तेही आठवते. दोघे विसरलेले आणि तिसऱ्यास खोटी आठवण, अशा अवस्थेत तिघांचे संभाषण पुन्हा सुरू व्हावयाचे असते. विश्वसनीय ड्रायव्हर कोणता, ह्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर हेच, की जो आपल्या आठवणीवर विश्वास न ठेवता जागृतीनंतर सर्व ओळख नव्याने करून घेतो तो.

२. कार्ड व संगणक ह्यांचा प्रथम परिचय

आपण सर्वत्र वापरतो ते एसडी कार्ड सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा ह्या तीन कंपन्यांनी १९९९ साली पुढे आणले. त्याच्या प्रमाणात परिचयाचा विधी काटेकोरपणे ठरविलेला आहे. वीज दिल्यावर संगणक प्रथम किमान ७४ ठोके नुसते स्पंदन पाठवितो. हे स्पंदन मुद्दाम मंद, म्हणजे ४०० किलोहर्ट्झच्या आत ठेवलेले असते, आणि एकच माहितीवाहक तार वापरात असते. मग शून्य क्रमांकाची आज्ञा जाते. तिचा अर्थ, सर्व विसरून प्रारंभावस्थेस ये. आठव्या आज्ञेने विद्युत्-दाब मानवतो की नाही हे विचारले जाते. त्यानंतर एकेचाळिसावी आज्ञा पुनःपुन्हा पाठवून, तू सिद्ध झालास काय, असे विचारीत राहावे लागते; कार्डास सिद्ध होण्यास एक सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो.

यापुढील दोन पायऱ्या भाषाभ्यासकास विशेष रोचक वाटतील. दुसऱ्या आज्ञेस उत्तर म्हणून कार्ड आपली १२८ द्विमान अंकांची ओळखपट्टी सांगते. तीत उत्पादकाचा क्रमांक, पाच अक्षरांचे नाव, ३२ अंकांचा अनुक्रमांक आणि निर्मितीचा महिना व वर्ष असते. हे कार्डाचे विशेषनाम होय. ते कारखान्यात कोरलेले असते व वीज गेल्याने बदलत नाही. तिसऱ्या आज्ञेस उत्तर म्हणून कार्ड १६ अंकांचा एक पत्ता सुचविते, आणि पुढील सर्व संभाषण त्या पत्त्याने चालते. हा पत्ता म्हणजे केवळ त्या संभाषणापुरते सर्वनाम आहे. वीज तोडली की संभाषण संपते आणि त्या सर्वनामाचा निर्देश नाहीसा होतो. निद्रेपूर्वीचा पत्ता घेऊन निद्रेनंतर कार्डास हाक मारणे म्हणजे पूर्वसंदर्भ नसलेले 'तो' वापरण्यासारखे आहे. ऐकणारा गप्प राहील, किंवा भलताच 'ओ' देईल.

ओळख पटल्यावर वेग वाढविण्याच्या वाटाघाटी होतात. तारा एकाच्या चार होतात. स्पंदन ५० मेगाहर्ट्झपर्यंत, आणि यूएचएस-१ वर्गाच्या कार्डांत २०८ मेगाहर्ट्झपर्यंत चढविता येते. ह्या सर्व वाटाघाटी निद्रेनंतर पुन्हा करावयाच्या असतात.

३. दोष कोठे उद्भवतात

पहिला दोष विद्युत्-दाबाचा. वेगवान कार्डे नियंत्रकाशी बोलताना ३.३ व्होल्टऐवजी १.८ व्होल्टचे संकेत वापरतात. ११ व्या आज्ञेने कार्ड एकदा खालच्या दाबावर गेले की ते कोणत्याही आज्ञेने वर येत नाही; त्याची वीज संपूर्ण तोडणे हाच एक मार्ग असतो. आता कल्पना करावी, की निद्रेत नियंत्रक सर्व विसरला, पण कार्डाची वीज मात्र मंडलाच्या रचनेमुळे चालूच राहिली. जागृतीनंतर नियंत्रक ३.३ व्होल्टने हाक मारतो, कार्ड १.८ व्होल्टच्या भाषेत वाट पाहत असते, आणि परिचय फसतो. वापरणाऱ्यास एवढेच दिसते, की कार्ड नाहीसे झाले. काढून पुन्हा घातले की चालू होते. ह्या 'काढून घालण्या'ने आपण नकळत ड्रायव्हरचे राहून गेलेले काम करीत असतो, म्हणजे वीज तोडून पुन्हा देत असतो.

वीज तोडणे म्हणजे केवळ कळ बंद करणे नव्हे. मंडलातील धारित्रांत साठलेली वीज ओसरावयास वेळ लागतो. कार्डाचा दाब ०.५ व्होल्टच्या खाली किमान एक मिलिसेकंद राहिला पाहिजे, असे प्रमाण सांगते. एरवी कार्ड अर्धवट शुद्धीत राहते. म्हणून काही यंत्रांत रात्रभराच्या निद्रेनंतर कार्ड नीट चालते, परंतु झाकण मिटून लगेच उघडले तर सापडत नाही, असा चमत्कारिक प्रकार घडतो. तो चमत्कार नसून धारित्राचा धर्म आहे.

दुसरा दोष क्रमाचा. उपकरणे एका वृक्षाप्रमाणे रचलेली असतात. निजविताना प्रथम फांद्या व मग खोड, आणि उठविताना प्रथम खोड व मग फांद्या, हा नियम आहे. कार्डाचा नियंत्रक ज्या मार्गिकेवर बसलेला असतो ती जागी होण्यापूर्वीच खाचेतील कळीने 'कार्ड आले' अशी सूचना दिली व ड्रायव्हर तपासणीस धावला, तर त्यास मृत उपकरणाशी बोलावे लागते. लिनक्स प्रणालीत ह्यासाठी निद्रेची तयारी सुरू होताच खाचेची तपासणी स्थगित केली जाते, आणि सर्व यंत्रणा पूर्ण जागी झाल्यावरच ती पुन्हा सुरू होते.

तिसरा दोष अपुऱ्या लेखनाचा. माहिती पाठवून झाली म्हणजे ती लिहून झाली असे नव्हे. कार्ड आत लिहीत असेतो एक तार खाली ओढून धरते. 'मी कामात आहे' ही तिची खूण. ती सुटेपर्यंत थांबणे ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. तसे न करता वीज तोडल्यास चालू लेखन तर बिघडतेच, परंतु शेजारच्या जुन्या नोंदींसही धक्का लागू शकतो, कारण ह्या कार्डांतील स्मृती मोठमोठ्या खंडांत पुसली व लिहिली जाते. २०१७ पासून आलेल्या ए-२ वर्गाच्या कार्डांत लेखनापूर्वी माहिती क्षणभर राखून ठेवण्याचीही सोय आहे. अशा कार्डास निजविण्यापूर्वी ती राखीव माहिती लिहून टाकण्याची स्पष्ट आज्ञा द्यावी लागते.

चौथा दोष सर्वांत गंभीर, आणि माझ्या वाट्यास आला तो हाच : ओळखीचा. जागृतीनंतर खाचेत कार्ड आहे एवढ्यावरून ते पूर्वीचेच आहे असे मानणे, ही ती चूक.

४. ओळख पटविण्याचे दोन मार्ग

लिनक्सच्या इतिहासात ह्या प्रश्नास दोन उत्तरे दिली गेली. आरंभीचे उत्तर सावधपणाचे होते. निद्रा येताच कार्ड काढले गेले असे गृहीत धरावे आणि जागृतीनंतर ते नवे म्हणून नोंदवावे. ह्यात चुकीच्या कार्डावर लिहिले जाण्याचा धोका नाही. परंतु उघड्या असलेल्या सर्व फाइलींचा संबंध तुटतो, आणि मूळ प्रणालीच कार्डावर असलेले यंत्र तर निजून उठूच शकत नाही. म्हणून कार्ड टिकवून धरण्याची एक ऐच्छिक तरतूद ठेवण्यात आली होती, आणि तिच्या नावातच 'असुरक्षित' हा शब्द घातलेला होता.

पुढे दुसरे उत्तर रूढ झाले. कार्ड टिकवून धरावे, परंतु जागृतीनंतर सर्व परिचयविधी पहिल्यापासून करावा आणि आलेली ओळखपट्टी जुन्या ओळखपट्टीशी अक्षरशः ताडून पाहावी. जुळली तरच जुना संबंध चालू ठेवावा. न जुळल्यास जुने कार्ड गेले असे समजून त्यावरील प्रलंबित लेखन नाकारावे. ह्याच्या जोडीस आणखी एक सुधारणा झाली. पूर्वी जागृतीच्या वेळीच कार्डाचा परिचय होत असल्याने सर्व यंत्रास एक सेकंदापर्यंत तिष्ठत बसावे लागे. आता कार्डाची प्रत्यक्ष गरज पडेपर्यंत तो विधी पुढे ढकलतात.

मग माझ्या लॅपटॉपने ओळख का पटविली नाही? कारण त्यातील खाच यूएसबी मार्गिकेवर बसविलेली होती. अशा रचनेत कार्डाशी संभाषण करतो तो वाचक, म्हणजे मधला दुभाषी, आणि संगणकास बहुधा फक्त त्या दुभाष्याची ओळख कळते. कार्डाचे विशेषनाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. निद्रेत यूएसबीची वीज गेली तर जागृतीनंतर प्रणाली साधनाचा उत्पादक, प्रकार व अनुक्रमांक पडताळून जुना संबंध पुन्हा जोडते. परंतु पडताळा होतो तो वाचकाचा, आणि वाचक तर तोच असतो. निद्रेत आतले कार्ड बदलल्यास ते ध्यानात येणार नाही व माहितीचा नाश होऊ शकेल, असा इशारा लिनक्सच्या अधिकृत दस्तऐवजातच दिलेला आहे. दोन्ही कार्डांची क्षमता सारखी असल्याने माझ्या बाबतीत शंकेस तेवढेही कारण उरले नाही.

ह्या उपायाची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. ओळखपट्टी जुळली म्हणजे कार्ड तेच, हे सिद्ध होते. मजकूर तोच, हे सिद्ध होत नाही. निद्रेच्या काळात तेच कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात लिहिले व परत आणून ठेवले, तर पोथी तीच पण पाठ निराळा अशी स्थिती होते. रॅममधील जुनी सूची त्या नव्या पाठावर लिहिली गेल्यास नाश अटळ आहे. ह्याचा बंदोबस्त ड्रायव्हरच्या कक्षेत येत नाही. तो फाइल-व्यवस्थेने किंवा वापरणाऱ्याने करावयाचा असतो.

५. नाशाचे गणित

सूचीचा लहानसा तुकडा बिघडल्याने एवढे मोठे नुकसान कसे होते, हे आकड्यांनी स्पष्ट होईल. ४८ किलोहर्ट्झ वेगाने २४ अंकी, एकमार्गी मुद्रण केल्यास एका सेकंदास १,४४,००० बाइट लागतात. चाळीस मिनिटांस ३४ कोटी ५६ लक्ष बाइट होतात. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर रूढ असलेल्या फॅट-३२ व्यवस्थेत ही माहिती ३२,७६८ बाइटांच्या खान्यांत ठेवली, तर सुमारे १०,५५० खाने लागतील. प्रत्येक खान्याची नोंद 'माझ्यापुढील खाना अमुक' एवढेच सांगते. ही एक साखळीच असते. ५१२ बाइटांच्या एका तुकड्यात अशा १२८ नोंदी मावतात. म्हणजे तेवढा एक तुकडा बिघडला की सुमारे २९ सेकंदांच्या भाषणाचा मार्ग नाहीसा होतो, आणि साखळी तेथे तुटल्यामुळे पुढील सर्व भाषणही पोरके होते. साखळीच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात खऱ्या, परंतु दोन्ही प्रतींवर लिहिणारा हात एकच असल्याने चुकीचे लेखनही दोहोंवर सारखेच होते.

ध्वनी तेवढ्यापुरता कार्डावर शाबूत असतो. सूची बिघडल्याबरोबर लेखन थांबविले तर तज्ज्ञास तो बहुधा परत मिळविता येतो. त्यावर नवे मुद्रण झाले की मात्र उपाय नाही.

६. परीक्षण

ड्रायव्हर एकदा निजून उठला म्हणजे तो विश्वसनीय ठरला असे नव्हे. वर सांगितलेले दोष शंभरात एखाद्या वेळी प्रकट होतात. म्हणून परीक्षणही पद्धतशीर हवे. लिनक्समध्ये ठरावीक सेकंदांनी यंत्रास आपोआप जागे करण्याची सोय आहे. तिच्या साहाय्याने शेकडो आवर्तने करता येतात. निद्रेची प्रक्रिया उपकरणांच्या टप्प्यापर्यंतच नेऊन परत फिरविण्याचीही सोय आहे, त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यात आहे हे निवडून काढता येते. आवर्तने अल्प व दीर्घ अशा दोन्ही निद्रांची असावीत. प्रत्येक वेळी पुढील प्रसंग घडवून पाहावेत : कार्ड तेच ठेवणे, निद्रेत काढून घेणे, त्याच जातीचे दुसरे घालणे, तेच कार्ड अन्यत्र लिहून परत आणणे, आणि लेखन चालू असताना निजविणे. शेवटी कार्ड दिसते की नाही एवढ्यावर समाधान न मानता, फाइलींची पडताळा-संख्या आधीच्या संख्येशी जुळते की नाही हे पाहावे. कार्ड दिसेनासे होणे हा दोष त्रासदायक खरा. पण चुकीचे कार्ड बिनतक्रार स्वीकारले जाणे हा त्याहून भयंकर दोष आहे, कारण तो दिसत नाही.

७. संशोधकांसाठी

ड्रायव्हर सुधारणे आपल्या हाती नसले तरी काही नियम पाळणे आपल्या हाती आहे. झाकण मिटण्यापूर्वी कार्ड रीतसर विलग करून बाहेर काढावे. कार्डावर कधीही टिपणे लिहू नयेत. ते केवळ वाचावे, आणि लॅपटॉपमध्ये घालताना त्याच्या कडेची लेखनबंदीची पट्टी ओढून ठेवावी. ही पट्टी मानणे न मानणे सर्वस्वी वाचकावर अवलंबून असते, तरी बहुतेक वाचक ती मानतात. प्रत्येक कार्डास निराळे नाव द्यावे व ते बाहेरही लिहावे. दोन स्वतंत्र प्रती होऊन त्यांची पडताळा-संख्या जुळेपर्यंत कार्ड पुन्हा वापरू नये. आणि यादी जुनी दिसते आहे अशी शंका येताच काहीही जतन न करता थांबावे.

राहता राहिली आजींची कथा. काही महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी ती आनंदाने पुन्हा सांगितली. कथानक तेच होते. परंतु पहिल्या वेळी त्यांच्याभोवती नातवंडे बसली होती, आणि त्यांच्याशी बोलताना आजींनी वापरलेल्या ज्या क्रियारूपांसाठी मी कान टवकारले होते ती दुसऱ्या कथनात आली नाहीत. ह्या वेळी श्रोता मी एकटाच होतो. ती रूपे माझ्या वहीत तीन ओळींत उतरलेली आहेत, त्यांचा ध्वनी मात्र कोठेही नाही. वहीतील तीन ओळींवर कोणताही सिद्धान्त उभारता येत नाही. विभागातील जे विद्यार्थी ह्या हिवाळ्यात क्षेत्रीय कार्यास निघतील, त्यांनी निदान कार्ड बाहेर काढल्यावाचून झाकण मिटू नये.